स्वगत तयार होतं, ऑडिशन नव्हतं

हे प्रकरण एका हौशी नाट्यसंस्थेतल्या मुलीचं आहे. तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. मी तिथे नवीन कलाकारांच्या तालमी घेते. तिच्या तिसऱ्या ऑडिशनआधीच्या १८ दिवसांत काय घडलं, कुठे काय ठरवलं आणि माझं कुठे चुकलं, ते जसंच्या तसं मांडते.

पार्श्वभूमी

वय २७. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. संस्थेत पाच वर्षं, पण रंगमंचावर जवळजवळ नाहीच. प्रॉम्प्टिंग (विंगेतून नटांना विसरलेले शब्द हळूच सांगणं), प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, कधी प्रकाशयोजनेच्या खुणा सांभाळणं. विंगेत हातात संहिता धरून उभी राहिली की अख्खं नाटक तिच्या ओठांवर असायचं. एकदा मुख्य नटी तालमीला पोचली नाही म्हणून हिला उभं केलं. दहा मिनिटांत बाकीच्यांच्या गप्पा थांबल्या आणि सगळे तिच्याकडे बघत बसले. म्हणजे अंगात काही आहे का, हा प्रश्न आमच्यासाठी तेव्हाच मिटला होता.

तरीही दोन ऑडिशनं वाया गेली होती. पहिल्या वेळी आत गेली, स्वगत सुरू केलं आणि चौथ्या वाक्यावर पाटी कोरी. "सॉरी, पहिल्यापासून करते" म्हणाली. पुन्हा त्याच वाक्यावर अडकली. तिसऱ्यांदाही तिथेच. नमस्कार करून बाहेर आली. दुसऱ्या वेळी तर आत गेलीच नाही. दाराबाहेर बसून आतल्या मुलीचा आवाज ऐकत होती, मग घरून फोन आल्याचं सांगून निघून गेली. फोन आला नव्हता.

तिसरी संधी एका वेगळ्या संस्थेच्या नव्या नाटकाची होती. मध्ये १८ दिवस. स्वरूप नेहमीचं: दोन मिनिटांचं आवडीचं स्वगत, मग हातात येणाऱ्या पानाचं थेट वाचन, मग दिग्दर्शक सांगेल तसा बदल करून तेच पुन्हा. तिने मला विचारलं, "ताई, या वेळी नाव देऊ, की उगाच शोभा नको?"

अडचण नेमकी कुठे होती

तिचं स्वतःचं निदान तयार होतं: "माझ्यात आत्मविश्वासच नाही." या शब्दाचा मला कंटाळा आहे. आत्मविश्वासाची तालीम घेता येत नाही. म्हणून मी तिला पहिल्या ऑडिशनचा दिवस क्रमाने सांगायला लावला. काय वाटलं ते बाजूला ठेव म्हटलं, काय केलंस तेवढंच सांग.

त्यातून तीन गोष्टी हाती लागल्या.

पहिली अशी की स्वगत तिने साठ-सत्तर वेळा म्हटलं होतं, पण प्रत्येक वेळी स्वतःच्या खोलीत, दार लावून, पलंगाच्या कडेवर बसून आणि पहिल्या शब्दापासून. दार उघडून आत जाणं, अनोळखी चार माणसांसमोर नाव सांगणं, कुणी कागदावर काहीतरी लिहीत असताना उभं राहून बोलणं, यातलं काहीच तिने एकदाही करून पाहिलं नव्हतं. स्वगत पक्कं होतं. ऑडिशन तिने त्या दिवशी पहिल्यांदा केलं.

दुसरी गोष्ट शरीराची. छातीत धडधड, घशाला कोरड, हातपाय गार, श्वास वरच्यावर. यात जगावेगळं काही नाही. ॲड्रिनलिन वाढलं की हृदय जोरात पळतं, लाळ कमी होते, त्वचेकडचं रक्त आखडतं म्हणून बोटं थंड पडतात. मोठमोठ्यांना हे चुकलेलं नाही. प्रसिद्ध इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांना पन्नाशी ओलांडल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना, रंगमंचाच्या भीतीने गाठलं आणि काही वर्षं सोडलं नाही. सहकलाकारांना ते डोळ्यांत थेट बघू नका अशी विनंती करायचे. पण ही मुलगी त्या क्षणी काय करत होती? बोलता बोलता स्वतःच्या थरथरणाऱ्या बोटांकडे लक्ष ठेवून होती. जिना उतरताना कुठला पाय कुठे पडतोय याचा विचार सुरू केला की माणूस अडखळतो, तसंच हे. आपोआप वाहणाऱ्या गोष्टीवर पहारा बसवला की ती थांबते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. अडकल्यावर ती दर वेळी पहिल्यापासून सुरू करत होती. घरीसुद्धा. त्यामुळे पहिली तीन वाक्यं लोखंडासारखी पक्की आणि चौथ्याच्या तोंडाशी खड्डा. दर खेपेला ती धावत जाऊन त्याच खड्ड्यात पडत होती.

मी विचारलं, "प्रयोगात नट वाक्य विसरला तर तू विंगेतून काय करतेस?"

"पुढचा शब्द देते."

"मागचा का नाही देत?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग हसली. पुढची सगळी आखणी त्या उत्तरावरच उभी राहिली.

कोणते पर्याय होते

नाव न देणं हा सर्वांत सोपा पर्याय होता. टाळल्यावर जी सुटका वाटते ती खरी असते, आणि घोळ तिथेच होतो. दुसऱ्या ऑडिशनच्या दारातून उठल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की पुढच्या वेळी उठणं आणखी सोपं झालं असतं. अमेरिकी गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांचं उदाहरण मी तिला सांगितलं. १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कार्यक्रमात त्या गाण्याचे शब्द विसरल्या, आणि त्यानंतर जवळजवळ २७ वर्षं तिकीट लावून होणाऱ्या जाहीर मैफली त्यांनी टाळल्या. गायकीत काहीही उणं नसताना.

"नुसतं जाऊन ये, भीड चेपेल" हा संस्थेतल्या जाणत्यांचा सल्ला. काहींची चेपते. हिच्या बाबतीत दोनदा उलटं घडलं होतं. तिसऱ्यांदा तसंच झालं असतं तर तिने विंग सोडली नसती.

तिसरा पर्याय गोळीचा. एका मैत्रिणीने तिला प्रोप्रॅनोलॉल सुचवलं होतं. हे औषध १९६० च्या दशकात हृदयविकारासाठी तयार झालं, आणि धडधड, हातांचा कंप कमी होतो म्हणून बरेच वादक-गायक ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात. पण हिला दमा आहे. या जातीची औषधं श्वासनलिका आकसवतात, दमेकऱ्यांना ती जिवावर बेतू शकतात. मैत्रिणीला हे माहीत नव्हतं. हा विषय आम्ही पाच मिनिटांत संपवला.

तेव्हाच मी तिला आणखी एक विचारून घेतलं: ही धडधड एरवीही होते का, ऑफिसात, फोनवर, चार लोकांत? झोप जाते का? तसं असतं तर समुपदेशकाकडे जा म्हणून सांगितलं असतं आणि माझा हात आखडता घेतला असता. तसं नव्हतं. भीती होती ती त्या एका खोलीची.

उरला चौथा पर्याय: स्वगताऐवजी ऑडिशनचीच तालीम करायची. तो घेतला.

त्यातही एक पोटनिर्णय होता आणि त्यावर आमचं वाजलं. जुनंच स्वगत ठेवायचं की बदलायचं? तिला जुनं हवं होतं, "त्याच्यावर मेहनत घेतलीय." मला वाटत होतं की त्या खड्ड्यासकट ते पाठ झालंय. शेवटी माझं ऐकलं. जिचे तीसेक प्रयोग तिने प्रॉम्प्ट केले होते त्या भूमिकेतलं स्वगत निवडलं. शब्द आधीच रक्तात होते, नव्याने पाठ करायची गरज नव्हती. याची किंमत पुढे मोजावी लागली, ती ओघाने येईल.

काय काय केलं

पहिले चार दिवस एकच नियम: पहिल्या शब्दापासून सुरू करायचं नाही. स्वगताचे सहा तुकडे पाडले. वाक्यं मोजून पाडले नाहीत. बाई कुठे विनवते, कुठे टोमणा मारते, कुठे स्वतःशीच बोलायला लागते, त्या वळणांवर पाडले. मी आकडा म्हणायचा, तिने त्या तुकड्यापासून उचलायचं. चार. दोन. सहा. पाच. चालताना, जिना चढताना, कपड्यांच्या घड्या घालताना. जागाही रोज बदलली. १९७५ साली पाण्याखाली डुबकी मारणाऱ्या डायव्हर्सवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावर पाठ केलेले काठावर. आपली आठवण जागेला चिकटते. पलंगाच्या कडेला चिकटलेली आठवण अनोळखी खोलीत हाक मारल्यावर येईलच असं नाही.

मग दार. खरंच दार. बाहेर थांबायचं, नाव पुकारलं की आत यायचं, खुणेपाशी उभं राहायचं, नाव आणि स्वगत कुठलं ते सांगायचं, एक श्वास पूर्ण सोडायचा आणि सुरू करायचं. जेमतेम तीस सेकंदांचा भाग, पण आम्ही तो स्वगतापेक्षा जास्त वेळा केला. तिला सुरुवातीला हे पोरकट वाटलं. आठव्या-दहाव्या वेळी तिच्या लक्षात आलं की आत येताना ती खांदे वर ओढते आणि श्वास घेऊन धरून ठेवते, सोडतच नाही.

श्वासाबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. "दीर्घ श्वास घे" म्हटलं की घाबरलेला माणूस हवा आत ओढत सुटतो. जास्त वेगाने जास्त हवा घेतली की उलट चक्कर येते, ओठ-बोटांना मुंग्या येतात. सोडण्यावर भर द्यायचा. चार मोजेपर्यंत घ्यायचा, सहा किंवा सात मोजेपर्यंत हळू सोडायचा, तेही चार-पाच वेळाच. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, तिचा फायदा घ्यायचा.

पण धडधड शून्यावर आणायची हे आमचं ध्येयच नव्हतं. उलट ती मुद्दाम आणायची. एरवी मी दोन मजले पळत चढायला लावते. हिला दमा, म्हणून जागच्या जागी चाळीस सेकंद जोरात पावलं टाकायची, इन्हेलर शेजारी ठेवून, आणि त्याच धापेत तिसरा तुकडा सुरू करायचा. छाती धडधडतेय आणि तोंडातून शब्द बरोबर येताहेत, हे शरीराने एकदा अनुभवलं की धडधडीचा अर्थ थोडा बदलतो. २०१४ साली ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधिकेने गाणाऱ्यांवर आणि भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केले होते. "मी शांत आहे" असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. तर्क सरळ आहे, धावत्या हृदयाला शांततेपेक्षा उत्साह जवळचा. अडचण एवढीच की "मला उत्साह वाटतोय" हे वाक्य मराठीत सूत्रसंचालन केल्यासारखं वाटतं. ते म्हणताना ती दर वेळी हसायची. शेवटी तिने स्वतःचं वाक्य शोधलं: "गाडी गरम झालीय, चला."

सहाव्या दिवशी माझी चूक

तालीम छान चालली होती आणि मला घाई झाली. सहाव्या संध्याकाळी मी संस्थेतल्या पाच जणांना बोलावलं, टेबल मांडलं, "चेहरे कडक ठेवा" म्हणून सांगितलं. ती आत आली, नाव सांगितलं आणि विसाव्या सेकंदाला थांबली. पाचही जण एकदम समजुतीचं बोलायला लागले. कुणी म्हणालं आवाज लागला नाही, कुणी म्हणालं हात हलव. ती रडली. रात्री मेसेज आला: "ताई, नाव मागे घेते."

चूक पूर्णपणे माझी होती. एका माणसावरून थेट पाचांवर उडी, आणि तेही ज्यांच्या मताची तिला सगळ्यात जास्त किंमत आहे असे पाच. परक्यांसमोर पडलेलं विसरता येतं, रोजच्या माणसांसमोर पडलेलं दुसऱ्या दिवशी तालमीला समोर उभं असतं.

मी फोन केला. नाव मागे घ्यायला अजून दहा दिवस आहेत, उद्या फक्त एक जण असेल आणि तो तुला ओळखत नाही, एवढंच सांगितलं. धीर द्यायचा प्रयत्न केला नाही. धीर दिला की तो पुरवावा लागतो.

पुढचे दिवस पायरी पायरीने. एक अनोळखी माणूस. मग दोन. मग फोनचा कॅमेरा. मग तिघे, ज्यातला एक जांभई देईल, एक सतत लिहीत राहील. अभिनयावर कुणी बोलायचं नाही. एकच प्रश्न: ती कुठे थांबली का? आणि मी मध्येच विघ्नं आणायची, खोकायचं, पुस्तक पाडायचं, भलताच शब्द मोठ्याने म्हणायचा. तिचं काम ठरलेलं: माफी नाही, मागे जाणं नाही, पुढच्या तुकड्याचा पहिला शब्द. स्वतःची प्रॉम्प्टर स्वतःच.

कॅमेऱ्याने एक अनपेक्षित काम केलं. चित्रण बघताना ती पडद्याजवळ सरकली. "हात कापत होते ना माझे? दिसतच नाहीयेत." आपली घाबरगुंडी समोरच्याला आपल्याला वाटते त्याहून खूपच कमी दिसते. मानसशास्त्रज्ञ सॅविट्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की ही एवढी गोष्ट आधी सांगितली तरी भाषणं सुधारतात. मी तिला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तिचा विश्वास स्वतःचे हात पाहिल्यावर बसला.

थेट वाचनाला दोन दिवस पुरले. पाच वर्षं संहिता हातात धरणाऱ्या माणसाला कागदाची भीती नसते. फक्त कागदात डोकं खुपसायची सवय मोडावी लागली.

ऑडिशनचा दिवस

आदल्या दिवशी एकदाच म्हणायचं, मग संहिता बंद. त्या दिवशी कॉफी नाही. एरवीच पळणाऱ्या हृदयाला आणखी चाबूक कशाला. आणि सर्वांत महत्त्वाचं, दाराला लागून बसायचं नाही. गेल्या वेळी आतला आवाज ऐकूनच ती उठली होती. तिने नाव नोंदवणाऱ्या मुलाला सांगितलं, "मी त्या टोकाला आहे, हाक मार," आणि जिन्यापाशी जाऊन पावलं टाकत राहिली.

आतलं सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे. बोटं बर्फ. नाव सांगताना आवाज थोडा चिरकला. पहिले तीन तुकडे गेले. चौथ्याच्या मध्यावर एक वाक्य गायब. "दोन-तीन सेकंद असतील, मला वर्ष वाटलं." श्वास सोडला, पाचव्या तुकड्याचा पहिला शब्द उचलला. टेबलामागून कुणी काही बोललं नाही. चौथ्या तुकड्याचा उरलेला अर्धा भाग कुणाला कळलाही नसावा.

मग दिग्दर्शक म्हणाले, "छान, पण हे कुणाचं तरी ऐकल्यासारखं वाटतंय." ते खरंच होतं. तीस प्रयोग प्रॉम्प्ट करताना मूळ नटीच्या सुरावटीही तिच्या कानात बसल्या होत्या. ही ती किंमत. पुढे त्यांनी सांगितलं, "शेजारी बाळ झोपलंय, ते उठू नये अशा आवाजात हेच बोला." आणि इथे, तिच्या म्हणण्याप्रमाणे, भीती कुठे गेली ते तिला कळलं नाही. हातात एक काम आलं होतं. बाळ उठू द्यायचं नव्हतं.

निकाल

मुख्य भूमिका मिळाली नाही. दोन प्रवेशांची एक भूमिका मिळाली. ती तिने केली, चांगली केली. पहिल्या प्रयोगाआधी विंगेत हात चोळत उभी होती आणि प्रॉम्प्ट करणाऱ्या मुलाला म्हणाली, "अडकले तर पुढचा शब्द दे हं, मागचा नको."

पुन्हा करायचं तर

स्वगत बदलण्याचा निर्णय मी आजही घेईन, पण तिने दुसऱ्याच्या तोंडून कधी न ऐकलेलं स्वगत निवडेन. १८ दिवसांत नवं पाठ करणं जड गेलं असतं हे खरं. तरी निदान मधल्या आठवड्यात, बाळ झोपवण्यासारख्या चार-पाच वेगवेगळ्या परिस्थितींत तेच स्वगत म्हणवून घेतलं असतं तर मूळ नटीचा सूर सुटला असता. तिला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट दिग्दर्शकाने दिली, मी दिली नाही, हे जरा टोचतं. करायचं काम समोर असलं की स्वतःकडे बघायला वेळ उरत नाही, हे मला नव्याने कळलेलं नव्हतं. मी विसरण्याच्या तालमीत इतकी गुंतले की ते राहून गेलं.

ओळखीचे पाच जण कधीच नाही. आणि कॅमेरा दुसऱ्याच दिवशी, अकराव्या दिवशी नाही.

एका मुद्द्यावर मी अजून द्विधा आहे. सहाव्या रात्री तिने नाव मागे घेते म्हटल्यावर मी तिला थांबवलं. तेव्हा ते बरोबर ठरलं. पण तिने खरंच मागे घेतलं असतं तर मी आग्रह किती धरला असता, आणि तो कुणासाठी, तिच्यासाठी की माझी तालीम वाया जाऊ नये म्हणून? याचं उत्तर मी माझ्यापुरतं अर्धंच दिलं आहे.

त्यानंतर

चार महिन्यांनी ती आणखी एका ऑडिशनला गेली. तिथे निवड झाली नाही. मला हे कळलं दोन आठवड्यांनी, तालमीआधी खुर्च्या सरकवताना, तेही दुसरंच काहीतरी सांगता सांगता.